शिळं म्हणायचं तरी कशाला?

पत्र असं आहे:

“काकू, आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. मुलगा दुसरीत आहे. त्याला डब्यात पोळीभाजी नको, सगळ्यांसारखं टर्की सँडविच हवं. म्हणून रविवारी डेलीच्या, म्हणजे तयार मांस-चीज कापून देणाऱ्या दुकानाच्या, काउंटरवरून पाऊणएक पौंड टर्की आणि चीज कापून आणते, रात्री एकदमच पाच सँडविच करते आणि फ्रीजमध्ये ठेवते. सोमवारचं छान लागतं, पण बुधवारपर्यंत पावाचा लगदा होतो आणि डबा तसाच परत येतो. साताऱ्याहून सासूबाई आल्या आहेत. त्यांचं एकच, ‘आठवड्याचं शिळं पोराला कसलं घालता?’ त्या स्वतः मांसमच्छी खात नाहीत, पण चीजचं सँडविच आवडीने खातात. नवरा म्हणतो, फ्रीजमध्ये आहे म्हणजे चांगलंच आहे. शिवाय जुलैमध्ये मंडळाच्या पिकनिकला साठ जणांच्या सँडविचचं काम माझ्याकडे आलंय. मला पाचवा महिना चालू आहे, दगदग झेपत नाही, त्यामुळे दुपारी ऑफिसात मीही त्यातलंच एक खाते. पाव ओला होऊ नये म्हणून काय करू? आणि सासूबाईंचं खरं की नवऱ्याचं? आज बुधवार, त्या टर्कीतली पाव पौंड अजून शिल्लक आहे. — मृ. दे.”

मृ., तू मला काकू म्हणालीस, तेव्हा अगं-तुगंच करते. पत्र ओल्या पावाबद्दल आहे. पण माझा डोळा अडकला शेवटाकडच्या एका वाक्यावर, जे तू दगदगीच्या ओघात लिहून टाकलंस. पाचवा महिना, आणि डेलीचं गार टर्की. पावाचं नंतर बघू. आधी हे.

डेलीतलं मांस, म्हणजे टर्की, हॅम, सलामी, रोस्ट बीफ, गरोदरपणात गार खायचं नाही. इथल्या डॉक्टरांनी दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात हे कुठेतरी लिहिलेलं असणार, पण तो गठ्ठा कोण वाचतं? कारण आहे लिस्टेरिया नावाचा जंतू. बाकीचे बहुतेक जंतू फ्रीजमध्ये गारठून गप्प बसतात. हा फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो आणि फ्रीझरमध्येही मरत नाही. मरतो तो फक्त उष्णतेने. मांस कारखान्यात शिजलेलं असतं हे खरं, पण शिजल्यानंतर ते यंत्रांवरून, पट्ट्यांवरून, पॅकिंगमधून जातं आणि मग दुकानातल्या स्लायसरवर, म्हणजे कापायच्या यंत्रावर येतं. त्या वाटेवर कुठेही हा जंतू चिकटू शकतो, आणि काउंटरवरून घरी आल्यावर तू ते पुन्हा शिजवत नाहीस.

धडधाकट माणसाला त्याने सहसा फारसं काही होत नाही, झालं तर पोट बिघडतं. गरोदर बाईला मात्र हा आजार होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दहापट असते. तिला स्वतःला थोडा ताप आणि अंगदुखी, फ्लू झाल्यासारखं वाटतं, आणि तेवढ्यात बाळाला मोठा धोका होऊन बसतो. तुला घाबरवायचं म्हणून लिहीत नाही. हा आजार दुर्मीळ आहे. पण दुर्मीळ म्हणजे होतच नाही असं नव्हे. २०२४ च्या उन्हाळ्यात इथेच डेलीच्या मांसातून तो पसरला तेव्हा १९ राज्यांत ६१ जण आजारी पडले, त्यातले ६० रुग्णालयात गेले आणि १० दगावले. व्हर्जिनियातल्या एका कारखान्यातून ते मांस आलं होतं. सत्तर लाख पौंडांहून जास्त माल परत मागवावा लागला आणि तो कारखाना तेव्हा बंद झाला.

मग टर्की सोडायचीच का? नाही. गरम करून खा. १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस, किंवा थर्मामीटर नसेल तर मांसातून चांगली वाफ निघेपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये मधला भाग गार राहतो, तेव्हा मध्ये एकदा थांबून उलटसुलट कर. माझं ऐकशील तर घरी तव्यावरच तुकडे सुटे करून परतून घे. ऑफिसात मायक्रोवेव्हशिवाय काही नसेल तर मांस वेगळ्या डब्यात ने, वाफ येईपर्यंत गरम कर आणि मग पावात घाल. आजवर खाल्लंस त्याचं काय, हा पुढचा प्रश्न मनात येणारच. तुला काही त्रास होत नसेल तर तपासण्यांच्या मागे धावायची गरज नसते. पण ताप आला, अंग मोडून आलं, तर ‘हवा बदलली’ म्हणून अंगावर काढू नकोस. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर आणि डेलीचं गार मांस खाल्लं होतं हेही आपणहून सांग. हा आजार बहुतेक वेळा दोन आठवड्यांत दिसतो, पण गरोदरपणात कधी कधी दोन महिन्यांहूनही उशिरा उगवतो. त्यामुळे ‘ते तर मागच्या महिन्यात खाल्लं होतं’ असं म्हणून गप्प राहायचं नाही.

डेलीत तयार मिळणारं चिकन सॅलड, टूना सॅलड, एग सॅलडही आता नको. तेच घरी करून ताजं खाल्लंस तर हरकत नाही.

आता सासूबाई. त्या मांस खात नाहीत म्हणून तू निर्धास्त आहेस, पण त्यांचं चीज कुठून येतं? त्याच काउंटरवरून, बहुतेक त्याच स्लायसरवरून. पासष्टीच्या पुढच्या माणसांनाही लिस्टेरियाचा धोका जास्त असतो, आणि काउंटरवर कापलेलं चीज गरम न करता खाऊ नये अशी सूचना त्यांच्यासाठी आणि तुझ्यासाठी सारखीच आहे. नियमाप्रमाणे स्लायसर दर चार तासांनी तरी धुऊन निर्जंतुक करायचा असतो. मी अनेक वर्षं एका मोठ्या कॅफेटेरियाच्या स्वयंपाकघरात काम केलं. तो स्लायसर सुटा करून, पात्याच्या मागचा कोपरा घासून धुणं हे किती कंटाळवाणं काम आहे ते मला माहीत आहे, आणि गर्दीच्या दिवशी त्यात किती चालढकल होते तेही. कारखान्यात बंद केलेलं चेडर किंवा स्विसचं पाकीट आण, प्रश्न मिटला. दोन पैसे वाचतात तेही आहेच. आणि सासूबाईंच्या शाकाहाराच्या दृष्टीने, हॅम कापलेल्या पात्यावर त्यांचं चीज कापलं जात नाही ही गोष्ट त्यांना सांगितलीस तर त्या खूश होतील. (आधी काय होत होतं ते सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव.)

तर आता शिळं. सासूबाई बरोबर की नवरा? दोघंही अर्धे अर्धे.

आपल्याकडे शिळं म्हणजे काल केलेलं. मोजमाप दिवसाचं. ते उगीच आलेलं नाही. फ्रीज नसलेल्या घरात रात्रीचा भात सकाळपर्यंत ओट्यावर राहिला की त्यात काय काय वाढतं ते बायकांना विज्ञान न शिकताही कळत होतं. पण त्याच घरात शिळी भाकरी दह्याबरोबर मजेत खाल्ली जायची ना? भाकरीही कालचीच, भातही कालचाच. फरक पाण्याचा. भाकरी वाळते, जंतूंना हवी तेवढी ओल तिच्यात उरत नाही. भात ओला. म्हणजे सासूबाईंच्या स्वयंपाकघरातही नुसता दिवस मोजला जात नव्हता, फक्त तसं कोणी बोलून दाखवत नव्हतं.

सँडविचच्या बाबतीत मोजायचे असतात ते तास, आणि तेही उबेतले. ४० फॅरनहाइट ते १४० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४ ते ६० सेल्सिअस, हा जंतूंच्या बाळसं धरण्याचा पट्टा. मांस, अंडं, चीज, शिजलेला बटाटा, कापलेला टोमॅटो, चिरलेली पालेभाजी, यांतलं काहीही या पट्ट्यात एकूण दोन तासांहून जास्त राहू द्यायचं नाही. बाहेर हवा ९० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३२ सेल्सिअसच्या वर असेल तर एकच तास. “एकूण” हा शब्द लक्षात ठेव. दुकानातून घरी येताना अर्धा तास, ओट्यावर सँडविच करताना पाऊण तास, दप्तरात उरलेला वेळ, हे सगळं एकाच खात्यात जमा होतं.

नवऱ्याचं “फ्रीजमध्ये आहे म्हणजे चांगलं” हे फ्रीज किती गार आहे त्यावर. तुमच्या फ्रीजचा आकडा तुला माहीत आहे का? बहुतेकांना नसतो. ती आतली १ ते ७ ची चकती तापमान सांगत नाही. पाच-सात डॉलरचा फ्रीज थर्मामीटर मिळतो, तो मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात रात्रभर ठेव आणि सकाळी बघ. ४० किंवा खाली हवा. डेलीची पुडी दारातल्या कप्प्यात ठेवत असशील तर हलव. दार दिवसातून वीसदा उघडतं, तिथे सगळ्यात जास्त ऊब. दारात सॉस आणि लोणची ठेव.

उत्तम फ्रीजमध्येसुद्धा काउंटरवर कापलेलं किंवा पाकीट फोडलेलं डेलीचं मांस तीन ते पाच दिवसच ठेवायचं. रविवारी आणलंस तर गुरुवारी चौथा दिवस, शुक्रवारी पाचवा. म्हणजे तुझं शुक्रवारचं सँडविच अगदी कडेवर उभं आहे, आणि रविवारी दुकानातून येताना लक्ष्मी रोडसारखी चार ठिकाणी रेंगाळत आली असशील तर कडेच्या पलीकडे. पाकिटावरच्या छापील तारखेवर जाऊ नकोस. ती न फोडलेल्या पाकिटासाठी असते. फोडलं की तिचा संबंध संपला. फोडल्या दिवसाची तारीख तूच मार्करने त्यावर लिही. मी अजून आमसुलाच्या बरणीवरसुद्धा लिहिते, घरचे हसतात.

आणि वास? सासूबाई वास घेऊन सांगतात असं तू लिहिलं नाहीस, पण घेतच असतील, मीही घेते. दूध नासलंय की नाही, आमटी आंबली आहे की नाही, हे नाक अचूक सांगतं. मांस बुळबुळीत झालं, आंबूस वास आला, तर फेकायचंच. पण वास आणणारे जंतू आणि आजार आणणारे जंतू बहुतेक वेळा वेगळे असतात. लिस्टेरिया असलेली टर्की दिसायला, वासाला, चवीला अगदी ताज्या टर्कीसारखी असते. म्हणून “वास येत नाही ना, मग खा” हे इथे चालत नाही. उलट तुझ्या बुधवारच्या सँडविचचं. त्याचा लगदा झाला म्हणून ते बिघडलं असं नाही. नुसता पाव ओला झालाय. तुझ्या घरात भांडण चाललंय ते लगद्यावरून, आणि खरी जोखीम आहे ती चांगल्या दिसणाऱ्या घासात.

आता लगद्याचं बोलू. ते सोपं आहे, आणि तुझ्या मुलासाठी तोच प्रश्न खरा आहे. सात वर्षांच्या पोराला जंतूंशी काय देणंघेणं?

पाव दोन उलट कारणांनी बिघडतो आणि तुझ्या फ्रीजमध्ये दोन्ही एकदम चालू असतात. बाहेरच्या कडा कडक होतात, आतला भाग गिच्च होतो. कडक होणं म्हणजे पावातल्या स्टार्चचं पुन्हा घट्ट होणं, आणि ते फ्रीजच्या थंडीत सगळ्यात वेगाने होतं, ओट्यावर ठेवलेल्या पावापेक्षाही वेगाने. फ्रीझरमध्ये मात्र ते जवळजवळ थांबतं. म्हणून पाव एक तर बाहेर ठेवावा, नाही तर सरळ फ्रीझरमध्ये, फ्रीजमध्ये नको. आतला गिच्चपणा येतो टोमॅटोच्या रसातून, धुतलेल्या लेट्यूसवरच्या पाण्यातून, लोणच्याच्या काकडीतून आणि मांसाला सुटलेल्या पाण्यातून.

यावरचा उपाय मुंबईतला कुठलाही सँडविचवाला तुला दाखवेल. तो आधी काय करतो? दोन्ही पावांना कडेपर्यंत लोणी फासतो. कडेपर्यंत, मध्ये ठिपका नाही. मग चटणी. लोण्याचा थर चटणीचं पाणी पावात जाऊ देत नाही. नंतर काकडी, टोमॅटो, बटाटा, बीट. आपल्याला वाटतं तो चवीसाठी लोणी लावतो. चवीसाठी आहेच, पण ते पावाचं वॉटरप्रूफिंगही आहे. आणि तो सँडविच हातात दिल्यावर माणूस तिथेच उभ्याने खातो, त्याला पाच दिवस टिकवायचं नसतं. तुला टिकवायचं आहे, म्हणून तुझा थर जास्त जाड हवा. मेयो चालेल, क्रीम चीज तर फारच छान. त्यावर चीजचा तुकडा, तोही पावाला अडसर म्हणूनच. मग मांस, आणि ते आधी पेपर टॉवेलवर टिपून घे. टोमॅटो त्या डब्यात घालूच नकोस. घालायचाच तर बियांचा गर काढून, वेगळ्या छोट्या डबीत, पोराने खाताना ठेवायचा. दुसरीतला मुलगा हे करतो. आपल्याला वाटत नाही, पण करतो, आणि स्वतः ठेवलेला टोमॅटो खातोसुद्धा.

मेयोला इथे उगीच बदनाम केलं आहे. पिकनिकला कोणाचं पोट बिघडलं की सगळे मेयोकडे बोट दाखवतात. बाटलीतला मेयो व्हिनेगर-लिंबामुळे इतका आंबट असतो की नुसत्या त्यात जंतू सहजी वाढत नाहीत. गडबड होते ती तो चिकनमध्ये, बटाट्यात, अंड्यात कालवल्यावर, कारण मग आंबटपणा पातळ होतो आणि खाऊ घालायला मांस-अंडं असतंच. घरी कच्च्या अंड्याचा मेयो करत असशील तर ती गोष्ट वेगळी, तो सध्या करूच नकोस.

आता तुझा रविवार. पाच करायला हरकत नाही, पण सोमवार आणि मंगळवारची दोन फ्रीजमध्ये ठेव, बाकीची तीन फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधल्यांत फक्त पाव, लोणी किंवा मस्टर्ड, मांस आणि चीज. मेयो गोठवलास की फाटतो, लेट्यूस आणि काकडी मेल्यासारखी होतात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबर होतो, ते सगळं वगळ. प्रत्येक सँडविच घट्ट गुंडाळ, वर झिप बॅग, बॅगेतली हवा काढ, तारीख लिही. चांगलं लागायचं असेल तर महिनाभरात संपव. शाळेच्या दिवशी सकाळी फ्रीझरमधून काढून तसंच डब्यात टाक. जेवणाच्या सुट्टीपर्यंत विरघळतं, आणि तोवर स्वतःच बर्फाच्या पिशवीचं काम करतं. लगदा होत नाही, कारण ते रविवारपासून ओलं बसलेलंच नसतं.

नुसत्या गोठलेल्या सँडविचवर मात्र विसंबू नकोस. हिशेब कर. पोरगा साडेसातला बस पकडतो, जेवतो बारा-साडेबाराला. पाच तास. दोन तासांची मर्यादा केव्हाच संपली, आणि शाळेत फ्रीज नाही. कागदी पिशवी किंवा साधा स्टीलचा डबा इथे कामाचा नाही. आतून अस्तर असलेली लंच बॅग घे आणि त्यात गार वस्तू दोन ठेव, एक खाली, एक वर. एक आइस पॅक आणि दुसरी गोठवलेली पाण्याची बाटली किंवा ज्यूसचा खोका चालतो, सुट्टीपर्यंत त्याचा ज्यूसही पिण्यालायक होतो. बॅग रात्री उघडी करून धू, पूर्ण वाळव. आतल्या शिवणीत जो काळपटपणा दिसतो ना, तो बघून सासूबाईंना बोलायला आयतंच मिळेल.

अर्धं खाऊन परत आलेलं सँडविच संध्याकाळी फेकायचं. इथे तुझी आणि सासूबाईंची वाजणार, कारण अन्न टाकणं त्यांच्या जिवावर येतं. माझ्याही येतं. म्हणून अर्धंच सँडविच दे. सोबत चीजशिवायचं काहीतरी सुकं, खाकरा, शेंगदाण्याची चिक्की (शाळेत शेंगदाण्यांना बंदी नसेल तर), सफरचंद. अर्धं संपतं, पूर्ण परत येतं, असा माझा दोन मुलांचा अनुभव आहे.

पीनट बटर आणि जॅमच्या सँडविचला यातलं काहीही लागत नाही. शाळेला चालत असेल तर आठवड्यात दोन दिवस तेच दे आणि डोक्याचा ताप कमी कर. हिरव्या चटणीच्या सँडविचला मात्र “शाकाहारी आहे, काय होतंय” म्हणू नकोस. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि उकडलेला बटाटा टर्कीइतकेच नाजूक. आपल्या लोकांची या एका बाबतीत फार ठाम गैरसमजूत आहे. मांस नाही म्हणजे धोका नाही, असं त्यांना वाटतं.

आणि सासूबाईंना डब्यात उपमाच द्यायचा असेल तर देऊ दे की. उलटा नियम लाव. थर्मासमध्ये उकळतं पाणी घालून दहा मिनिटं ठेव, ते ओतून दे, मग वाफाळता उपमा भरून झाकण लाव. १४० च्या वर राहिला तर तोही सुरक्षित. गार ते गार, गरम ते गरम, मधलं कोमट तेवढं नको.

राहता राहिली पिकनिक. यात मी पोळलेली आहे, म्हणून जरा सविस्तर.

खूप वर्षांपूर्वी अशाच एका जुलैच्या पिकनिकला मी अंड्याची सँडविच केली होती. पहाटे उठून, अंडी स्वच्छ, पाव ताजा, सगळं कौतुकाने. आदल्या दिवशी विळीवर बोट कापलं होतं, त्यावर पट्टी होती. हातमोजा घातला नाही. ट्रे गाडीच्या डिकीत गेले, पार्कात पोहोचून मग नारळफोड, स्वागत, खेळ, खुर्च्यांची मांडामांड. जेवायला दीड वाजला. चारच्या सुमारास पहिला माणूस उलटी करायला झाडामागे गेला, सहापर्यंत सात जण. रात्रीतून सगळे बरे झाले. तपास कोणी केला नाही, पण नंतर मी अन्नसुरक्षेचा कोर्स केला तेव्हा वर्गात बसल्या बसल्या कान तापले. जखमेत स्टॅफ नावाचा जंतू असू शकतो, तो हातावाटे अन्नात जातो, उबेत वाढतो आणि विष सोडतो. अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत उलट्या. आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणजे “जरा गरम करून खाऊ” हा आपला नेहमीचा तोडगा तिथे फुकट.

म्हणून तुझ्या साठ जणांसाठी तयार सँडविच नेऊच नकोस. डेलीचं ते सहा फुटी सब, म्हणजे लांबलचक पावाचं सँडविच, दिसायला भारी, पण ते ठेवायला कूलर कुठून आणणार? ते टेबलावर आडवं पडतं आणि सभापतींचं भाषण संपेपर्यंत तसंच राहतं. त्याऐवजी साहित्य ने आणि तिथे करा. मोठे कूलर दोन. एकात मांस आणि चीज, बंद पाकिटांत, खाली-वर बर्फ. दुसऱ्यात चिरलेल्या भाज्या आणि चटण्या. पाणी, कोक, ताक यांचा कूलर तिसरा आणि पूर्ण वेगळा, कारण तो दर दोन मिनिटांनी उघडणार. कूलर डिकीत नाही, एसी चालू असलेल्या गाडीत मागच्या सीटवर. पार्कात सावलीत. पाव खोक्यात, कोरडा.

एका वेळी पंधरा-वीस जणांपुरतंच बाहेर काढ. ट्रेखाली दुसरा ट्रे बर्फाने भरून ठेव. ट्रे बाहेर आला त्याची वेळ त्याच्या कडेला मार्करने लिही. जुलैत इथे नव्वदीच्या वर पारा जातोच, तेव्हा तुझ्या हातात एक तास आहे. तो संपला की ट्रे आत घ्यायचा नाही, कचऱ्यात. शाकाहारी टेबल वेगळं, सुऱ्या आणि चिमटे वेगळे, आणि ते टेबल वाऱ्याच्या दिशेने आधी लागेल असं मांड, नाही तर “यात कशाचा हात लागला” ही चर्चा पुढच्या गणपतीपर्यंत चालते. हात धुवायला नळ जवळ नसेल तर तोटीचा पाण्याचा पिंप आणि साबण घरून ने. सॅनिटायझरने तेलकट हात स्वच्छ होत नाहीत. ज्याच्या हाताला पट्टी आहे त्याला स्वागताला उभा कर, पावाला हात लावू देऊ नकोस. आणि तू स्वतः खुर्चीत बसून हुकूम सोड, पाचव्याचा तेव्हा सातवा-आठवा झालेला असेल.

शेवटी पाचच्या सुमारास कोणीतरी हमखास येऊन म्हणेल, “उरलंय ते वाटून टाकू, डबे आणलेत.” मंडळात हे टाळणं सगळ्यात अवघड. बंद पाकीट, जे कूलरमध्ये बर्फातच राहिलं, ते खुशाल दे. टेबलावर फिरलेलं मात्र द्यायचं नाही. पाव दे, चिप्स दे, टरबूज कापलेलं नको, अख्खं असेल तर दे. नाही म्हणायला जड जात असेल तर माझं नाव पुढे कर, मला सवय आहे.

आणि ती पाव पौंड टर्की. तू लिहिलंस बुधवारी, हे तुझ्या हाती पडेल शनिवारी. रविवारपासून सहा दिवस झाले. सासूबाईंना दिसणार नाही अशा बेताने टाकून दे.